कुत्र्याला तिकीट लागेल का?

दिव्यांगांच्या मदतनीस कुत्र्यांसाठी कायदा हवा, या मागणीला मी बरीच वर्षे हसत आलो. तोंडावर नव्हे, मनातल्या मनात. पेपरात कुणाचे पत्र आले, टीव्हीवर कुणी कळकळीने बोलले, की मी म्हणायचो, झाले यांचे अमेरिकी चोचले सुरू. इथे उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापुरात धडधाकट माणसाला पाय ठेवायला फूटपाथ नाही आणि हे कुत्र्याचे हक्क लिहायला बसलेत. आज माझे मत तसे राहिलेले नाही. ते का पालटले, कुठवर पालटले आणि कुठे अजून अडून बसले आहे, ते मोकळेपणाने सांगतो.

जुन्या मताची बाजू आधी मांडायला हवी, कारण ते मत काही घरबसल्या झालेले नव्हते. नोकरीची सगळी वर्षे मी बदलापूरहून मुंबईला लोकलने गेलो-आलो. कल्याण सोडले की विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर आणि पुढे वांगणी. या पट्ट्यात राहणाऱ्याला अंध माणूस ही काही नवलाई नाही. वांगणीला घरभाडे परवडते म्हणून शेकडो अंध माणसे बिऱ्हाड करून राहिली आहेत. सकाळी गळ्यात पिशवी अडकवून ती लोकलमध्ये चढतात, किचेन, कंगवे, मोबाइलची कव्हरे विकतात आणि रात्री परत येतात. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४४ नुसार गाडीत फेरीचा धंदा करणे गुन्हा आहे, त्यामुळे मध्येच आरपीएफचे पोलीस त्यांना उतरवतात. २०२० च्या टाळेबंदीत लोकल बंद झाली तेव्हा या घरांची चूल एका दिवसात थंडावली. ही माणसे गर्दीच्या दारातून आत कशी शिरतात, स्टेशन कुठले आले हे रुळांच्या खडखडाटावरून कसे ओळखतात, हे मी उभ्या उभ्या पाहिलेले आहे. काठीवर इतके चालते, तर कुत्रा कशाला, असा माझा सरळ हिशेब होता.

दुसरा मुद्दा भटक्या कुत्र्यांचा. बदलापूरच्या पादचारी पुलावर एक दृश्य मी अनेकदा पाहिले आहे. एखादा अंध माणूस घडीची पांढरी काठी उघडून, दुसरा हात कठड्यावर ठेवून जिना चढतो. प्रत्येक पायरीच्या कडेला काठीचे टोक टकटक करते. मधल्या सपाट जागेत बरोबर वाटेत एक कुत्रा आडवा पसरलेला असतो. काठीचे टोक त्याच्या पोटाला टेकते. कुत्रा उठत नाही, नुसता गुरगुरतो. माणूस थबकतो, आवाज कुठून आला त्याचा अंदाज घेतो, ‘झोप बाबा, झोप’ म्हणतो आणि भिंतीला पाठ लावून बाजूने सरकत पुढे जातो. मागची गर्दी त्याच्यावर चिडलेली असते. आमच्याकडे कुत्रा म्हणजे अंधाच्या वाटेतला अडथळा, तो वाट कसली दाखवणार? त्यात कुणी पट्टा घातलेला लॅब्राडॉर घेऊन बदलापुरातल्या कात्रपच्या गल्लीत उतरला, तर गल्लीतली टोळी त्याला दोन मिनिटे टिकू देणार नाही. याच्यावर कायदा काय करणार, असे मी म्हणायचो आणि ऐकणारे मान डोलवायचे.

निवृत्तीनंतर आमच्या सोसायटीचे सेक्रेटरीपद माझ्या गळ्यात पडले. ज्याला वेळ आहे त्याच्या गळ्यात ते पडतेच. सोसायटीत एक ठराव पूर्वीपासून होता: कुत्रा लिफ्टमधून न्यायचा नाही. चौथ्या मजल्यावरच्या एका घरातून अर्ज आला. मुलगा स्वमग्न, दहा-अकरा वर्षांचा. घरात कुत्रा, तोही कुठल्या भारी जातीचा नव्हे, आमच्याच गल्लीत पिल्लू असताना उचललेला तांबूस देशी. आईचे म्हणणे असे की मुलगा कुत्र्याशिवाय लिफ्टमध्ये पाऊल टाकत नाही आणि जिन्याने उतरताना मध्येच बसकण मारतो. सकाळी शाळेची गाडी चुकते. तेव्हा कुत्र्याला लिफ्टची परवानगी द्यावी.

कमिटीचा कल नकाराकडे होता. माझाही होता. मला फक्त ते नकाराचे पत्र नीट, कायदेशीर भाषेत लिहायचे होते. म्हणून मी कायदा वाचायला घेतला. वाचायचे कारण असे काही फार उदात्त नव्हते, हे लक्षात असू द्यावे.

पहिल्यांदा हाती लागले ते प्राणी कल्याण मंडळाचे २६ फेब्रुवारी २०१५ चे परिपत्रक. बहुमताने ठराव केला तरी सोसायटीला पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही, लिफ्ट वापरण्यावरही नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे आमचा ठराव कित्येक वर्षे नुसताच नोटीस बोर्डावर लटकत होता. तरी मी म्हटले, हे प्राण्यांच्या बाजूचे झाले. परिपत्रक म्हणजे कायदा नव्हे. मग दिव्यांग हक्क कायदा, २०१६ उघडला. १९९५ चा कायदा मोडीत काढून तो आला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. पूर्ण अंधत्व आहे, क्षीण दृष्टी आहे, स्वमग्नताही आहे. मी कुत्रा शोधत होतो. मार्गदर्शक कुत्रा, मदतनीस प्राणी, काही म्हणून काही सापडले नाही. मला बरे वाटले. नकाराचे पत्र सोपे झाले असे वाटले.

पण व्याख्या वाचताना अडकलो. कायद्यात ‘वाजवी सोय’ अशी एक कल्पना आहे: दिव्यांग व्यक्तीला इतरांच्या बरोबरीने हक्क वापरता यावेत म्हणून त्या-त्या प्रसंगी करायचा आवश्यक आणि योग्य तो बदल, समोरच्यावर अवाजवी बोजा पडणार नाही इतपत. अशी सोय नाकारणे हाही भेदभाव, असे त्याच कलमात आहे. बरे, हे बंधन सरकारपुरते असावे म्हणून खासगी आस्थापनेची व्याख्या काढली, तर कंपनी, फर्म यांच्या जोडीला ‘सहकारी संस्था’ तिथे बसलेलीच. कलम ३ तर सांगते की दिव्यांगत्वावरून भेदभाव करायचा नाही. केलाच तर तो एखाद्या रास्त हेतूसाठी आणि त्या हेतूच्या प्रमाणात होता, हे दाखवून द्यायला हवे. कलम ८९ चा दंडही वाचला: पहिल्या उल्लंघनाला १० हजारांपर्यंत, पुढच्या प्रत्येकाला ५० हजार ते ५ लाख. यातले किती आमच्या लिफ्टला लागू होईल यावर वकील माझ्याहून बारीक कीस पाडतील. पण माझ्यापुरते एक झाले. आतापर्यंत मी त्या आईकडे मागत होतो: कुत्रा का हवा ते सिद्ध कर. कायदा मला विचारत होता: का नको ते तू सांग.

सांगायला गेलो तर हाताशी फार थोडे होते. लिफ्ट घाण होईल, म्हणाल तर ती दूधवाल्याच्या सायकलीपायी रोजच होते. कुत्रा चावेल, म्हणाल तर चावल्याची एकही तक्रार नव्हती. एक कारण मात्र खरे होते. दुसऱ्या मजल्यावरच्या आजींना रस्त्यात भटक्या कुत्र्याने चावा घेतला होता, त्यांनी रेबीजच्या इंजेक्शनांचा पूर्ण कोर्स घेतला होता आणि कुत्र्याबरोबर बंद लिफ्टमध्ये उभे राहण्याच्या कल्पनेनेच त्यांना घाम फुटायचा. त्यांची भीती काही नाटकी नव्हती. पण तिच्यावर उपाय बंदीहून लहान होता: कुत्रा लिफ्टमध्ये असताना दुसऱ्या कुणाला नको असेल तर त्या घराने पुढच्या फेरीला थांबायचे, पट्टा आखूड धरायचा, लसीकरणाचा कागद दरवर्षी दाखवायचा. कुटुंबाने एका मिनिटात मान्य केले.

त्या मुलाला मी त्यानंतर लिफ्टशी पाहिले. आमची लिफ्ट जुन्या पद्धतीची, जाळीच्या दाराची. दार ओढताना कर्रर्र आवाज होतो. त्या आवाजाने मुलगा दोन्ही तळवे कानांवर दाबतो आणि गुडघ्यात वाकतो. कुत्रा काही करत नाही. तो नुसता मुलाच्या पोटरीला अंग टेकून उभा राहतो. मग मुलाचा एक हात कानावरून खाली येतो, दोन बोटे कुत्र्याच्या गळपट्ट्याखाली जातात आणि तशीच राहतात. कुत्रा आत, मागोमाग मुलगा आत. आई दार ओढते. पुन्हा कर्रर्र. मुलगा डोळे मिटतो, पण उभा राहतो.

हे पाहून मत बदलले असे लिहिणे सोपे होते. खरे तसे नाही. एका मुलाची सोय झाली यावरून देशाला कायदा हवा असे ठरत नाही. उलट माझी जुनी शंका त्या कुत्र्यामुळे आणखी टोकदार झाली. त्याला प्रशिक्षण कुणी दिले? कुणीच नाही. मग तो मदतनीस कुत्रा की नुसता पाळलेला? उद्या तिसऱ्या मजल्यावरचा कुणी पॉमेरेनियन उचलून आणील आणि सांगेल, याच्याशिवाय मला उदास वाटते. त्याला काय उत्तर द्यायचे?

या शंकेपायी मी बाहेरचे कायदे वाचत गेलो. तिथे माझी अपेक्षा होती की प्रमाणपत्रे, शिक्के, ओळखपत्रे यांची रांग असेल. अमेरिकेच्या १९९० च्या दिव्यांग कायद्याखालचे नियम उघडले तर भलतेच. २०११ पासून तिथे मदतनीस प्राणी म्हणजे कुत्राच; लहान चणीच्या घोड्याची वेगळी तरतूद आहे ती सोडा. दुकानदाराला, हॉटेलवाल्याला दोनच प्रश्न विचारता येतात: हा कुत्रा दिव्यांगत्वामुळे लागतो का? आणि त्याला कुठले काम शिकवलेले आहे? कागद मागता येत नाही, आजार विचारता येत नाही, करून दाखव म्हणता येत नाही. पण कुत्रा आवरला नाही किंवा घाण करू लागला, तर बाहेर काढता येते. आणि नुसता धीर देणारा, काम न शिकलेला कुत्रा या व्याख्येत बसत नाही.

या सैलपणाचा गैरफायदा झाला नाही असे नाही. विमानांसाठी तिथे नियम वेगळे होते, धीर देणारा कुठलाही प्राणी चालत होता. तो प्रकार इतका वाढला की २०१८ मध्ये न्यूअर्क विमानतळावर एक बाई चक्क मोर घेऊन आल्या. विमान कंपनीने मोराला नकार दिला आणि जगभर हसे झाले. मी हा किस्सा अनेक वर्षे चवीने सांगत असे. त्याचा पुढचा भाग मात्र मला ठाऊक नव्हता: जानेवारी २०२१ पासून तिथला विमानांचा नियमच बदलला, काम शिकलेल्या कुत्र्यापुरता आवळला गेला. गैरवापर झाला, नियम दुरुस्त झाला, हक्क शाबूत राहिला. गैरवापर होईल म्हणून नियमच नको, हे माझे म्हणणे त्यापुढे लंगडे ठरले. रेल्वेच्या सवलतीच्या पासाचाही गैरवापर होतो. म्हणून पास बंद करा असे मी कधी म्हटले नव्हते.

गाइड डॉगबद्दलचे माझे एक अज्ञानही या वाचनात गेले. मला वाटायचे, कुत्रा माणसाला घेऊन जातो. तसे नसते. रस्ता माणसाला ठाऊक असावा लागतो. ‘डावीकडे’, ‘पुढे’ हे माणूस सांगतो. कुत्र्याच्या अंगावर ताठ दांड्याचे खोगीर असते, त्या दांड्यातून कुत्र्याची हालचाल माणसाच्या तळहाताला कळते. खड्डा, खांब, उघडे गटार, वर लोंबणारी फांदी, जी काठीला कधीच सापडत नाही, तिला कुत्रा वळसा घालतो. सिग्नलचे रंग त्याला कळत नाहीत. पण माणसाने ‘चल’ म्हटले आणि समोरून गाडी येत असेल, तर तो हुकूम मोडून जागचा हलत नाही. हे हुकूम मोडणेच त्याला शिकवलेले असते. हे वाचून मला आमच्या स्टेशनबाहेरची उघडी गटारे, फूटपाथच्या जागी मांडलेले भाजीचे गाडे आणि खांद्याच्या उंचीवर बाहेर आलेले टपऱ्यांचे पत्रे आठवले. काठी जमिनीलगतचे शोधते. आमच्याकडचा धोका कपाळाच्या उंचीवरही असतो.

तरीही वांगणीच्या माणसाला हे हवे आहे का, हा प्रश्न राहतोच. लोकलमध्ये ओळखीच्या झालेल्या एका अंध विक्रेत्याला मी हे सगळे सविस्तर सांगितले. तो शांतपणे ऐकत होता. मला वाटले भारावला असेल. तो म्हणाला, ‘काका, कुत्र्याला तिकीट लागेल का?’ मी गप्प. तो पुढे म्हणाला, ‘आणि डब्यात कुत्रा बसला, तर माझा माल मी कुठे ठेवू? खायला त्याला काय घालू? मी दिवसभर गाडीत.’ मग थोडे थांबून, ‘माझी बायको पण अंध आहे. कुत्रा दोघांमध्ये एक की दोन?’

या प्रश्नांनी माझा कायद्याचा उत्साह जमिनीवर आला, आणि मला वाटते, मत खऱ्या अर्थाने तिथेच पालटले. कारण त्याने विचारलेली प्रत्येक गोष्ट नियमात लिहिण्याची आहे. तिकीट लागेल का? विमानाच्या बाबतीत उत्तर लिहिलेले आहे. नागरी हवाई वाहतूक महासंचालनालयाच्या नियमात, दिव्यांग प्रवाशाला, त्याच्या साधनांना, सोबत्याला आणि गाइड डॉगला, तेही प्रवासी केबिनमध्ये, नाकारायचे नाही. प्रवाशाने आधी कळवायचे, अशी अट आहे. म्हणजे मुंबईहून दिल्लीला उडणाऱ्या अंध माणसाच्या कुत्र्याचा विचार झाला आहे. रेल्वेने लांब कुठे साधा पाळीव कुत्रा न्यायचा तर एसी फर्स्टचा अख्खा कूपे घ्या, नाहीतर गार्डच्या डब्यातली पेटी. आणि बदलापूर लोकलच्या दिव्यांग डब्याबाहेरच्या पाटीवर कोणी बसावे हे लिहिलेले असते, कुत्र्याचा उल्लेख नसतो. तिथे उत्तर तिकीट तपासनीसाच्या मर्जीवर. मर्जीवर भरवसा ठेवून कोण दोन वर्षे शिकवलेला कुत्रा घेईल?

इथेच माझा जुना युक्तिवाद उलटा फिरला. मी म्हणायचो, आमच्या पट्ट्यात एकही गाइड डॉग दिसत नाही, मग कायदा कुणासाठी? आता म्हणतो, रिक्षात घेतील, डब्यात चढू देतील, बँकेत शिरू देतील याची हमी नसताना तो दिसेल कसा? कुत्र्यांची शाळा काढायला पैसा कोण लावील, जर तिथून तयार झालेल्या कुत्र्याला कल्याणच्या पुढे जाताच येणार नसेल?

अमेरिकेत क्रम वेगळा होता, हे मान्य केले पाहिजे. पहिल्या महायुद्धात डोळे गेलेल्या सैनिकांसाठी जर्मनीत ओल्डेनबर्गला १९१६ मध्ये अशी शाळा निघाली. १९२९ मध्ये डोरोथी युस्टिस या बाईंनी आणि मॉरिस फ्रँक या अंध तरुणाने नॅशव्हिलला ‘द सीइंग आय’ काढली. फ्रँक आपली बडी नावाची कुत्री घेऊन गावोगाव फिरला. हॉटेलने नाही म्हटले की वाद घालायचा, रेल्वेने नाही म्हटले की पुन्हा वाद. कायदे नंतर, एकेका राज्यात आले. तिथे आधी कुत्रा, मागून हक्क. पण फ्रँकच्या पाठीशी देणग्यांवर उभी राहिलेली शाळा होती. वांगणीच्या विक्रेत्याने दिवसाची कमाई सोडून दारोदार वाद घालत फिरावे, ही अपेक्षा मी करणार नाही.

वांगणीचे नाव देशभर झाले ते १७ एप्रिल २०२१ च्या घटनेने. अंध आईचा हात धरून चाललेले मूल फलाटावरून रुळांवर पडले, समोरून भरधाव गाडी येत होती आणि पॉइंट्समन मयूर शेळके यांनी धावत जाऊन त्याला फलाटावर ढकलले, स्वतःही अगदी शेवटच्या क्षणी वर आले. रेल्वेने त्यांना ५० हजारांचे बक्षीस दिले. त्यातले अर्धे त्यांनी त्या मायलेकरांना देऊ केले. शेळके यांचे कौतुक करावे तितके थोडे. कुत्रा असता तर मूल पडले नसते असे मी म्हणणार नाही. गाइड डॉग मूल सांभाळायला नसतो. पण त्या सगळ्या कौतुकात, रोज अंध माणसे ज्या फलाटावरून येतात-जातात तिथे त्यांच्या दिमतीला नेमके काय आहे, ही चर्चा मला फारशी दिसली नाही. भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी मान्य केलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क करारात ‘सजीव साहाय्या’चा उल्लेख आहे. वाटाड्या माणूस, वाचक, सांकेतिक भाषेचा दुभाषी ही त्यात दिलेली उदाहरणे. कुत्र्याला त्यातून वगळलेले नाही. जवळपास १४ वर्षांनंतर वांगणीच्या फलाटावर जे सजीव साहाय्य मिळाले, ते एका कर्मचाऱ्याच्या धाडसाचे होते. आणि धाडसाची ड्युटी लावता येत नाही.

भटक्या कुत्र्यांचा मुद्दा मी सोडलेला नाही. तो खरा आहे, आजही. सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०२५ ला शाळा, रुग्णालये, क्रीडासंकुले, बस आणि रेल्वे स्थानके यांच्या आवारातली भटकी कुत्री हलवा आणि नसबंदीनंतर पुन्हा तिथेच सोडू नका, असा आदेश दिला. तो कसा पाळला जातो यावर बदलापूरच्या पुलावरची काठी थबकेल की नाही हे ठरेल. पण पालिकेला भटकी कुत्री आवरत नाहीत, ही पालिकेची थकबाकी आहे. ती अंध माणसाच्या हक्कातून वळती करून घ्यायची नसते. स्टेशनला उतार नाही म्हणून व्हीलचेअरचा हक्क नाही, असे आपण म्हणत नाही ना?

आता माझे मत जिथे अडले आहे तेही सांगतो. नुसता धीर देणाऱ्या प्राण्याला मदतनीस कुत्र्याच्या बरोबरीचा हक्क द्यावा, हे मला अजून पटत नाही. मुंबई-पुण्यात मीनल कविश्वर यांच्या अॅनिमल एंजल्स फाउंडेशनसारख्या संस्था विशेष मुलांसोबत कुत्र्यांच्या मदतीने उपचाराचे काम करतात, ते मोलाचे आहे. पण उपचारासाठी ठरलेल्या वेळी येणारा कुत्रा वेगळा आणि चोवीस तास सोबत राहून ठरलेले काम करणारा वेगळा. मग चौथ्या मजल्यावरचा तो तांबूस कुत्रा? त्याने काम शाळेत शिकलेले नाही, पण काम करतो हे मी पाहिले आहे. माझ्या मते कायद्याने जात, शाळा, शिक्का बघू नये. काम बघावे आणि वर्तन बघावे. याच्यापलीकडे मला नक्की काही म्हणता येत नाही. कुत्र्याला घाबरणाऱ्या आजींच्या बाजूलाही कायद्यात एक ओळ हवी, कारण लिफ्ट त्यांचीही आहे.

हे सगळे होण्याला सध्या वाट मोकळी आहे, म्हणून हे लिहिण्याची घाई. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सुगम्यतेचे निकष नुसते शिफारशीपुरते ठेवणारा, दिव्यांग हक्क कायद्याखालचा १५ वा नियम त्या कायद्याशीच विसंगत आहे. पाळावेच लागतील असे निकष करा, तीन महिन्यांत करा. अशा सक्तीच्या निकषांत मदतनीस कुत्र्याच्या चार ओळी बसू शकतात: कुठे प्रवेश, कुठले दोन प्रश्न, भाडे नाही, केव्हा बाहेर काढता येईल. ब्रिटनमध्ये २०१० च्या समता कायद्याने टॅक्सीवाल्याला असा कुत्रा नाकारणे गुन्हा ठरवले आणि त्याचे जादा पैसे घ्यायलाही मनाई केली. आमच्या शेअर रिक्षांना तेवढी एक ओळ पुरे. राज्याचेही हात बांधलेले नाहीत. दिव्यांगांना साहाय्य हा विषय घटनेच्या राज्यसूचीत आहे. दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभाग काढून महाराष्ट्राने २०२२ मध्ये पाठ थोपटून घेतलीच आहे. उल्हासनगर महापालिका, अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूर नगरपालिका यांनी दिव्यांगांसाठी राखायचा ५ टक्के निधी आहे. पाळीव कुत्र्याच्या परवान्याच्या अर्जात ‘मदतनीस कुत्रा’ असा एक रकाना घालायला त्यातला एक रुपयाही लागणार नाही.

आणि ज्यांच्या हाती यातले काही नाही त्यांच्या हाती सोसायटी आहे. ३० सप्टेंबरच्या आत तुमची वार्षिक सर्वसाधारण सभा होईल. नोटीस बोर्डावर ‘कुत्र्यांना लिफ्टबंदी’चा कागद असेल तर तो तिथे उतरवा, आणि त्या जागी दिव्यांग रहिवाशाच्या मदतनीस कुत्र्याला लिफ्ट, जिना, गच्ची, आवार सगळीकडे मुभा राहील, असा ठराव इतिवृत्तात घ्या. आमच्या सभेत तो आला तेव्हा अनुमोदन दुसऱ्या मजल्यावरच्या आजींनी दिले, लिफ्टच्या पुढच्या फेरीची अट लेखी घालून घेऊन.